घरच्या कॉम्प्युटरवर वर्ड-एक्सेल रुसलं की काय काय करून बघायचं

रात्री साडेदहाला फोन येतो. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस सकाळी बोर्डावर लागायला हवी असते आणि पलीकडून मामा म्हणतो, "अरे ते वर्ड उघडतच नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय, सगळं उडवून परत टाकू का?" असे फोन मला महिन्यात दोन-तीन तरी येतात, कधी मामाचा, कधी शेजारच्या काकूंचा, त्यांच्याकडे बचत गटाचा हिशोब असतो. आणि दरवेळी माझं पहिलं वाक्य तेच असतं, की काही उडवू नका. दाढ दुखतेय म्हणून कुणी बत्तिशी काढून घेत नाही. शिवाय ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेल ज्या संचात येतात तो मायक्रोसॉफ्टचा संच, उडवून परत टाकला तरी अर्ध्या वेळा तोच त्रास पुन्हा हजर असतो, कारण दोष ऑफिसमध्ये नव्हताच.

म्हणून आधी ठरवायचं ते हे, की नक्की बिघडलंय कोण? संशयित तीनच आहेत. एक तुमची फाईल, दुसरा वर्ड किंवा एक्सेल हा प्रोग्राम आणि तिसरं म्हणजे कॉम्प्युटर, त्यात विंडोज, प्रिंटर, डिस्क सगळं आलं. आणि खूपदा यातलं कुणीच बिघडलेलं नसतं, कुठलं तरी बटण चुकून दाबलं गेलेलं असतं. ते खाली सांगतो, त्याची यादी मोठी आहे.

हात लावायच्या आधी

फाईल दिसत असेल तर पहिलं काम म्हणजे तिची कॉपी करून पेनड्राईव्हवर किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर करायचे, मूळ फाईलवर नाही.

दुसरं, जो मेसेज येतोय तो वाचायचा. लोक मेसेज आला की घाबरून ओके दाबतात आणि मग मला सांगतात "काहीतरी इंग्रजीत आलं होतं". मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, बास. किंवा विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकत्र दाबली की स्क्रीनचा हवा तेवढा भाग कॉपी होतो.

तिसरं, आठवा की काल चालत होतं आणि आज नाही, तर मध्ये काय झालं? नवीन प्रिंटर आणला, विंडोजचा अपडेट झाला, मुलाने काहीतरी टाकलं, अँटिव्हायरस बदलला. नव्वद टक्के उत्तर इथेच असतं असं मी म्हणणार नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार उपाय एकदम केले आणि चालू झालं तर कशाने चालू झालं ते कळत नाही, पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात.

रीस्टार्ट, पण खरा रीस्टार्ट

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे चुकीचं करतात. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनवर आधीपासून चालू असते, त्यामुळे तुम्ही शट डाऊन करता तेव्हा विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे रोज रात्री बंद करणाऱ्या माणसाचं विंडोज आतून कित्येक दिवस ताजं झालेलंच नसतं. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या खाली अप टाईम लिहिलेला असतो. मामाच्या मशीनवर तो आकडा बघून मामा म्हणाला, मी तर रोज बंद करतो रे.

तर आधी स्टार्ट मेनूतून रीस्टार्ट. वर्ड किंवा एक्सेल अडकून बसलं असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर क्लिक करून एंड टास्क. फक्त सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, त्यामुळे दोन-चार मिनिटं वाट बघून मगच, मोठी एक्सेल फाईल कधी कधी खरंच विचार करत असते.

कोण आजारी ते ओळखायच्या तीन चाचण्या

रीस्टार्टने भागलं नाही तर या तीन गोष्टी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

१. वर्ड नुसतं उघडा, फाईलवर डबल क्लिक न करता, स्टार्ट मेनूतून. कोरं पान येतं का, त्यावर चार ओळी टाईप करून सेव्ह होतात का?

२. दुसरी एखादी जुनी फाईल उघडा, जी पूर्वी नीट उघडत होती.

३. त्रास देणारी फाईल दुसरीकडे उघडून बघा. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर, नाहीतर गूगल ड्राईव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये.

कोरं पान चालतंय, जुनी फाईल चालतेय, फक्त एकच फाईल अडते आणि ती मोबाईलवरही अडते, तर फाईल बिघडली. कुठलीच फाईल चालत नाही, कोरं पानसुद्धा नाही, पण ब्राउझर वगैरे बाकी सगळं व्यवस्थित आहे, तर प्रोग्राम. आणि सगळंच कॉम्प्युटर कासवासारखं चाललंय तर ऑफिसला दोष देऊ नका.

फाईल बिघडली असेल तर

वर्डमध्ये फाईल, ओपन, ब्राउझ असं जा, फाईलवर एकदाच क्लिक करून ती निवडा, पण ओपन बटण सरळ दाबू नका. त्या बटणाच्या शेजारी छोटा बाण असतो, त्यात ओपन अँड रिपेअर असं मिळेल. एक्सेलमध्येही हेच आहे, तिथे आधी रिपेअर करून बघायचं आणि नाही जमलं तर एक्स्ट्रॅक्ट डेटा, म्हणजे निदान आकडे तरी हाती लागतात.

तेही नाही जमलं तर लिबरऑफिस फुकट मिळतं ते टाकून त्यात फाईल उघडून बघा. जी फाईल वर्ड उघडत नाही ती लिबरऑफिस कधी कधी बिनतक्रार उघडतं, मग तिथून नवीन नावाने सेव्ह करायची.

आणखी एक युक्ती आहे जी मला फार आवडते. ऑफिस २००७ पासून वर्डची डॉकएक्स फाईल ही आतून झिप फाईलच असते. तर कॉपीचं नाव बदलायचं आणि शेवटचं डॉकएक्स काढून तिथे झिप लिहायचं, इंग्रजीत अर्थातच. नावाचं शेपूट दिसत नसेल तर फोल्डरच्या व्ह्यू मेनूतून फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. मग ती झिप उघडा, आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर, आणि त्यात तुमचे सगळे फोटो जसेच्या तसे. लग्नाच्या स्मरणिकेची फाईल मेली होती, मजकूर कुणीतरी मेलवर आधी पाठवलेला होता पण फोटो कुठेच नव्हते, ते असे काढले.

फाईल उघडते पण म्हणते लॉक्ड फॉर एडिटिंग, म्हणजे दुसरं कुणीतरी वापरतंय, आणि घरात तर तुम्ही एकटेच. हे होतं कारण वर्ड फाईल उघडताना शेजारी एक छोटी लपलेली फाईल बनवतं, तिच्या नावाची सुरुवात लाटेसारखं चिन्ह आणि डॉलर अशी असते, आणि लाईट गेली किंवा वर्ड मध्येच बंद पडलं तर ती तिथेच पडून राहते. सगळं वर्ड बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये मागे चालू राहिलंय का बघा, मग व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू करून ती छोटी फाईल डिलीट करा. तीच, मूळ फाईल नाही, नाव दोनदा वाचा.

वर पिवळी पट्टी येऊन एडिट करता येत नसेल तर तो बिघाड नाही, तो प्रोटेक्टेड व्ह्यू आहे, मेलवरून किंवा नेटवरून आलेली फाईल आधी फक्त वाचायला मिळते. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाईल येणार हे माहीत असेल तर एनेबल एडिटिंग दाबा. पण त्यानंतर मॅक्रो, म्हणजे फाईलीच्या आत बसवलेले छोटे प्रोग्राम, चालू करा, एनेबल कंटेंट दाबा असं कुणी अनोळखी फाईल म्हणत असेल तर अजिबात दाबायचं नाही. बिल, कुरिअरची पावती, नोकरीचं पत्र, असल्या नावाच्या फाईलींतूनच व्हायरस घरात येतात.

"मी बदल केले होते आणि सगळे गायब झाले" या तक्रारीतही फाईल बिचारी निर्दोष असते. फाईल मेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून थेट उघडून त्यात काम केलेलं असतं, नाहीतर झिप न सोडवता आतल्या आत उघडलेली असते, आणि सेव्ह झालेली प्रत कुठल्या तरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते. आलेली फाईल आधी डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, मग उघडा.

सेव्ह न करताच बंद झालं असेल तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, आणि तिथे रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. एक्सेलमध्ये मॅनेज वर्कबुक. ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी प्रत ठेवतं, त्यामुळे शेवटची काही मिनिटं जातात, सगळं नाही. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ते ३ मिनिटं करून टाका, आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही म्हणून मी तेच ठेवलंय.

एक्सेलची फाईल उघडते पण भयंकर हळू चालते आणि साइज उगाच मोठी झालीये? कंट्रोल आणि एंड दाबा. तुमचा हिशोब २०० ओळींचा आणि कर्सर जाऊन बसला दहा लाखाच्या पुढच्या ओळीवर, तर कारण सापडलं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात आणि कुणीतरी पूर्ण कॉलमला बॉर्डर किंवा रंग देताना खालपर्यंत काहीतरी सोडलेलं असतं. हिशोबाच्या खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी निवडा, राईट क्लिक, डिलीट, सेव्ह. नुसतं डिलीटचं बटण दाबून चालत नाही, ओळीच काढाव्या लागतात.

प्रोग्राम बिघडला असेल तर

इथे एक फार कामाची गोष्ट आहे, सेफ मोड. कीबोर्डवरचं कंट्रोल दाबून धरा आणि तसंच धरून वर्डच्या आयकॉनवर क्लिक करा, सोडू नका, थोड्या वेळात ते विचारेल की सेफ मोडमध्ये सुरू करू का, हो म्हणा. एक्सेललाही हेच लागू. सेफ मोडमध्ये वर्ड त्याच्या सगळ्या पाहुण्यांना बाहेर ठेवून एकटं उघडतं.

सेफ मोडमध्ये नीट चाललं तर दोष पाहुण्यांचा. ह्यांना अ‍ॅड-इन म्हणतात, पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, अँटिव्हायरस, टायपिंगचं सॉफ्टवेअर, हे सगळे न विचारता वर्डमध्ये आपला तुकडा बसवतात. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स असं जा, खाली मॅनेज लिहिलेलं असेल तिथे कॉम अ‍ॅड-इन्स निवडून गो दाबा, आणि सगळ्यांच्या टिका काढा. वर्ड बंद करून साधं उघडा. चाललं? मग एकेक टिक परत लावत जा, ज्याच्यानंतर परत अडकेल तो चोर. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण यात नेम चुकत नाही.

अ‍ॅड-इन काढूनही वर्ड नीट उघडत नसेल, किंवा प्रत्येक कोऱ्या पानावर विचित्र फाँट, विचित्र मार्जिन येत असेल, तर नॉर्मल नावाची टेम्पलेट फाईल बिघडलेली असू शकते, वर्डचं प्रत्येक नवीन पान तिच्यावरून बनतं. वर्ड बंद करा. विंडोज आणि आर दाबा, छोटी चौकट येईल, त्यात टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत अ‍ॅपडेटा, मग परत टक्क्याचं चिन्ह असं मध्ये जागा न सोडता टाईप करून एंटर. मग मायक्रोसॉफ्ट, मग टेम्पलेट्स. तिथल्या नॉर्मल फाईलचं नाव बदलून नॉर्मल-जुनी वगैरे काहीतरी करा. वर्ड उघडलं की ते स्वतःहून नवी बनवतं. डिलीट करू नका म्हणतोय कारण तुम्ही स्वतः बनवलेल्या स्टाईल आणि मॅक्रो त्या जुन्या फाईलीत असतात.

एक्सेलचं एक खास नाटक. फाईलवर डबल क्लिक केलं की एक्सेल उघडतं, पण आत काहीच नाही, राखाडी रिकामी खिडकी. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, अगदी खाली जनरल, तिथे डायनॅमिक डेटा एक्स्चेंज वापरणाऱ्या इतर प्रोग्रामांकडे दुर्लक्ष करा अशा अर्थाची ओळ आहे, इग्नोअर या शब्दाने सुरू होते. तिच्यापुढे टिक असेल तर काढा.

वर्ड उघडायला मिनिटभर घेत असेल तर प्रिंटर बघा. हे ऐकून लोक हसतात. पण वर्ड पान मांडताना डीफॉल्ट प्रिंटरला विचारत असतं, आणि तो डीफॉल्ट प्रिंटर म्हणजे जुन्या ऑफिसातला नेटवर्क प्रिंटर असेल, जो आता ह्या घरातून कधीच सापडणार नाहीये, तर वर्ड त्याची वाट बघत बसतं. सेटिंग्समध्ये प्रिंटर्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ हा डीफॉल्ट करून बघा, आणि लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर हे बंद करा, नाहीतर विंडोज स्वतःच्या मनाने परत बदलतं. वर्क फ्रॉम होमच्या काळात ऑफिसचा लॅपटॉप घरी आणलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा वर्डचा संथपणा मी असाच घालवला.

प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर, पानाची मांडणी प्रिंटमध्ये सरकते, शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते, तर लेआउटमधला पेपर साइज बघा. बऱ्याचदा तो लेटर असतो, अमेरिकेतला साडेआठ बाय अकरा इंची, आणि आपला कागद ए४, २१० बाय २९७ मिलिमीटर. ए४ करा, प्रिंटरच्या सेटिंगमध्येही ए४ करा.

मेनू सगळे करडे झालेत, काही टाईपच करता येत नाही, वर लाल किंवा पिवळी पट्टी आहे, तर फाईल, अकाउंट इथे जाऊन बघा, अ‍ॅक्टिव्हेशन संपलेलं असणार. नवीन लॅपटॉपमध्ये कंपनीने काही दिवसांचं ट्रायल टाकलेलं असतं आणि तुम्ही विकत घेतलेलं ऑफिस वेगळ्याच ईमेलवर असतं. ज्या ईमेलने घेतलं त्याच ईमेलने साइन इन करायचं. तो ईमेल कुठला होता हे घरात कुणालाच आठवत नाही ही घरोघरची कथा आहे, त्यामुळे डायरीत लिहून ठेवा, गॅस कनेक्शनच्या नंबराशेजारी.

यातल्या कशानेच नाही भागलं तर रिपेअर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्स, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, ऑफिसच्या पुढचे तीन ठिपके, मॉडिफाय. दोन पर्याय येतील. आधी क्विक रिपेअर, त्याला इंटरनेट लागत नाही आणि पटकन होतं. मग जरूर पडली तरच ऑनलाईन रिपेअर, ते जवळजवळ नव्याने टाकल्यासारखंच आहे, वेळ खातं, डेटा खातं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नका. तुमच्या फाईली जिथल्या तिथे राहतात पण नंतर साइन इन परत मागू शकतं.

जिथे काहीच बिघडलेलं नसतं

आता ती यादी, घाईत एकेक.

एक्सेल बेरीज बदलत नाही, आकडा बदलला तरी खालची बेरीज जुनीच. फॉर्म्युलाज मेनूत कॅल्क्युलेशन ऑप्शन्स मॅन्युअलवर गेलंय, ऑटोमॅटिक करा. हे कसं झालं? कुणीतरी पाठवलेली मॅन्युअलवाली फाईल तुम्ही त्या दिवशी सगळ्यात आधी उघडली, एक्सेल पहिल्या फाईलचं सेटिंग धरून बसतं आणि नंतरच्या सगळ्यांना तेच लावतं. काकूंच्या बचत गटाच्या हिशोबात यामुळे दोन सभांमध्ये भांडण झालं होतं.

बेरीज शून्य येते. आकडे दिसायला आकडे आहेत पण एक्सेलच्या लेखी तो मजकूर आहे. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, सगळे निवडून त्या पिवळ्या खुणेतून कन्व्हर्ट टू नंबर. बँकेच्या स्टेटमेंटमधून कॉपी केलेल्या आकड्यांत हे हमखास, कधी मागेपुढे स्पेस पण चिकटून येते.

आधार नंबर टाकला की १.२३ वगैरे काहीतरी, मध्ये ई आणि पुढे ११ असं दिसतं. सेल टेक्स्ट करून मग नंबर टाका, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. आणि इथे खरोखर सावध राहा, एक्सेल फक्त १५ अंक लक्षात ठेवतं, १६ आकडी नंबर सरळ टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. बँक खात्यांची यादी करताना आधीच पूर्ण कॉलम टेक्स्ट करा.

सेलमध्ये नुसते चौकटी-चौकटीचे हॅश दिसतात, कॉलम रुंद करा, एवढंच. बाणाची बटणं दाबली की कर्सर हलत नाही, अख्खं शीट सरकतं, तर स्क्रोल लॉक लागलंय. लॅपटॉपवर ते बटणच नसतं, मग स्टार्टमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड शोधून त्यातून काढा. उत्तराऐवजी फॉर्म्युलेच दिसतात, तर कंट्रोल आणि एस्केपच्या खालचं बटण एकत्र. वर्डमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी उलट्या पी सारखं चिन्ह आणि शब्दांमध्ये ठिपके, तर कंट्रोल, शिफ्ट, आठ. ते प्रिंटमध्ये येत नाहीत, घाबरू नका.

तारखा उलट्या होतात, ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा सेलच्या डाव्या बाजूला चिकटून बसतात. विंडोजचं रीजन अमेरिकेचं आहे. एक्सेलमध्ये काही करू नका, विंडोजच्या सेटिंग्समध्ये रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया करा. त्यानेच स्वल्पविराम पण आपल्या पद्धतीने येतात, १००,००० चं १,००,००० होतं. आधी उलट्या झालेल्या तारखा मात्र आपोआप सुलट होत नाहीत, त्या हाताने तपासाव्या लागतील.

मराठी मजकुराची वेगळीच दुखणी

गावाकडून ग्रामपंचायतीचा अर्ज येतो, उघडतो तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाईल बिघडलेली नाहीये. ती श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फाँटात टाईप केलेली आहे. ह्या फाँटांत आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फक्त त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रं चिकटवलेली, त्यामुळे तो फाँट तुमच्याकडे नसला की मुखवटा गळून पडतो. उपाय दोन. एकतर पाठवणाऱ्याकडून तोच फाँट मागवून टाका, किंवा पीडीएफ करून पाठव म्हणा. मजकुरात बदल करायचे असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत, बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर सगळं वाचून काढा, विशेषतः दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर असल्या शब्दांतला अर्धा र आणि जोडाक्षरं, तिथेच घोळ होतो.

तुम्ही स्वतः टाईप करताय तर युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड येतो, आणि रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर फोनेटिकही मिळतो. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोज आणि स्पेस दाबून. अचानक मराठीच टाईप होतंय आणि पासवर्ड चुकतोय अशी तक्रार आली की मी आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली कुठली भाषा लिहिलीये ते विचारतो.

जुनी फाईल मंगल फाँटातली आणि नव्या मशीनवर ओळी सरकल्या? विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट प्रत्येक मशीनवर असतीलच असं नाही, निर्मला मात्र असतो. ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स शोधून टाका. मंगलच्या दोन ओळींत अंतर फार पडतं म्हणूनही लोक वैतागतात, पॅराग्राफमध्ये लाईन स्पेसिंग एक्झॅक्टली करून आकडा द्या, पण फार कमी केलात तर वरच्या वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल, तिच्यावर डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये नावांच्या जागी डोक्यावर रेघ असलेले ए आणि विचित्र चिन्हं येतात. सभासदांची यादी कुठल्या साइटवरून उतरवली की हे होतंच. कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनू, फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, फाईल निवडा, आणि फाईल ओरिजिन मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ ८ निवडा. नावं लगेच माणसात येतात. ती चिन्हं दिसत असताना सेव्ह मात्र करू नका.

आणि पूर्ण मराठी मजकुराखाली लाल रेघा, त्या तुमच्या शुद्धलेखनाबद्दल नाहीत. सगळं निवडा, रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, मराठी करा, किंवा तपासू नकोसच अशी टिक लावा.

मशीनच दमलं असेल तर

सी ड्राईव्ह भरलाय का बघा. लाल पट्टी दिसत असेल तर ऑफिसला तात्पुरत्या फाईली ठेवायला जागा नसते आणि सेव्ह करताना भलतेच मेसेज येतात. सेटिंग्समध्ये स्टोरेज, टेम्पररी फाईल्स, तिथून साफ करा, पण डाऊनलोड्सपुढे टिक असेल तर आधी काढा, लोक तिथेच सगळं ठेवतात.

डेस्कटॉपवरच्या फाईली नाहीशा झाल्या तर वनड्राईव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या कपाटाच्या, फोल्डरमधला डेस्कटॉप बघा. विंडोज सेटअप करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे जाऊ शकतात, आणि फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली की नवीन काही वर चढत नाही. फाईलवर ढगाचं चित्र असेल तर ती नेटशिवाय उघडणार नाही.

ऑफिस २०१६, २०१९ आणि विंडोज १० यांचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालायचं थांबत नाही, पण ऑफिसच्या या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आता येत नाहीत. नवीन घ्यायला पैसे नसतील तर लिबरऑफिस टाका, किंवा ब्राउझरमधलं फुकट वर्ड वापरा, सोसायटीची नोटीस आणि बचत गटाचा हिशोब यांना दोन्ही पुरतात. दुकानदार "साहेब क्रॅक टाकून देतो" म्हणाला, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी प्रत, तर नको म्हणा. ते चालावं म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, यातच सगळं आलं, आणि त्याच मशीनवरून तुम्ही नेटबँकिंग करता.

एवढं सगळं करून अडलंच तर कुणाला तरी फोन करा, मलाही चालेल, पण हातात तीन गोष्टी ठेवा. फाईल, अकाउंट मध्ये दिसणारं ऑफिसचं नाव आणि व्हर्जन नंबर, मेसेजचा तो फोटो, आणि आतापर्यंत वरच्यातलं काय काय करून झालं ते कागदावर. आणि शक्यतो साडेदहाच्या आत.